रदबदली आणि नियम : नांदेड-लातूर भागातील लोकमताचा मागोवा

राज्यकर्त्यापाशी आपले म्हणणे नेऊन ते मान्य करून घेण्याचा उद्योग राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. या उद्योगाला इंग्रजीत ‘लॉबिंग’ हा जो शब्द रूढ झाला, तो विधानगृहाच्या सभागृहाबाहेरील दालनावरून आलेला असून वृत्तपत्रांच्या द्वारे तो आता मराठी वाचकाच्याही परिचयाचा झाला आहे. तथापि मराठवाड्यातील सामान्य माणसाच्या तोंडी या व्यवहाराचे शब्द निराळे आहेत : अर्ज, शिफारस, वशिला आणि रदबदली. हे चारही शब्द अरबी-फारसीतून, म्हणजे दरबार व कचेरी यांच्या भाषेतून मराठीत आले. त्यांतील अर्थभेद लक्षात घेण्याजोगा आहे. अर्ज माणूस स्वतः करतो व तो दप्तरात दाखल होतो. शिफारस व रदबदली दुसऱ्याने करावयाची असते. वशिला मात्र दप्तरात कोठेच दिसत नाही; त्याचा परिणाम तेवढा दिसतो.

या व्यवहारावर कडक नियम असावेत काय, हा प्रश्न अलीकडे अनेक देशांत चर्चिला गेला आहे. भारतात या व्यवहाराचे समग्र नियमन करणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही. म्हणून या विषयावर येथे लोकमत नव्हतेच, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या प्रदेशाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला असता हे मत टिकत नाही. येथील लोकांनी काही नियमांना प्राणपणाने विरोध केला व काही नियम मिळावेत म्हणून तितक्याच आग्रहाने चळवळी केल्या. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. वस्तुतः तिच्या मुळाशी एकच कसोटी होती : नियम उघड मागणीचे तोंड बांधतो, की पडद्याआडच्या वजनाला आवरतो? ही कसोटी कोणी ग्रंथांत मांडली नाही. परिषदांचे ठराव, बहिष्कार, बंद आणि न्यायालयातील दावे यांतून ती व्यक्त झाली आहे.

१

निजामी अमदानीत नांदेड हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. लातूर हा उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील एक तालुका होता. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे भाग बीदर जिल्ह्यात मोडत. नांदेड १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्गावर आले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली आणि तेथील बाजारपेठ वाढीस लागली. या वाढीबरोबर व्यापारी, वकील व शिक्षक यांचा एक वर्ग दोन्ही गावांत उदयास आला. पुढील काळातील सार्वजनिक जीवन मुख्यतः याच वर्गाने उभे केले.

त्या राज्यात दाद मागण्याची वाट सरळ नव्हती. मुलूख खालसा, सर्फेखास, पायगा व जहागीर अशा अनेक प्रकारच्या अमलांत वाटलेला होता. एका गावच्या रयतेने ज्या कचेरीत जावयाचे, तिच्याशी शेजारच्या गावाचा संबंध नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत फारसीची जागा उर्दूने घेतली होती. त्यामुळे मराठी रयतेला आपले गाऱ्हाणे परभाषेत लिहवून घ्यावे लागे. अर्थात अर्जनवीस हा पहिला मध्यस्थ, वकील हा दुसरा आणि कचेरीत ओळख असलेला गावचा वतनदार वा सावकार हा तिसरा. मोठ्यांच्या भेटीस जाताना नजर करण्याची रीत होती. यांपैकी कशालाच त्या राज्यात गैर मानलेले नव्हते. उलट राज्यकारभाराचे ते अंगच होते.

बंधन आले ते निराळ्याच गोष्टीवर. १९२१ मध्ये राजकीय सभांवर पूर्वपरवानगीचे निर्बंध घालणारे फर्मान निघाले. त्यानंतर १९२९ च्या सुमारास निघालेली ‘गश्ती निशाण ५३’ ही आज्ञा मराठवाड्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. तिच्यान्वये सभा भरविण्यास अधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी आवश्यक ठरली. तिचा अंमल इतका व्यापक होता की, ज्या सभेचा राजकारणाशी संबंध नाही तीही संशयास पात्र ठरे. खाजगी शाळा व आखाडे यांनाही परवानगीच्या निर्बंधांनी वेढलेले होते.

या व्यवस्थेचे मर्म नीट पाहिले पाहिजे. एकट्याने नजर घेऊन अधिकाऱ्याची भेट घ्यावयास मज्जाव नव्हता. चारचौघांनी एकत्र येऊन तेच मागणे उघड मांडण्यास मात्र होता. ज्याच्यापाशी पैसा व ओळख होती त्याला नियमाची झळ लागली नाही. ज्याच्यापाशी केवळ संख्या होती त्याचेच तोंड बंद झाले. अशा नियमांचा जन्म हैदराबादेतच झाला असे नाही. इंग्लंडमध्ये १६६१ च्या एका कायद्याने, राज्यव्यवस्थेत बदल मागणाऱ्या अर्जावर वीसांहून अधिक सह्या घेण्यास स्थानिक अधिकाऱ्यांची संमती आवश्यक केली होती आणि तो सादर करण्यास दहांहून अधिक माणसांनी जाण्यास मनाई केली होती. राज्यकर्त्याला एकट्यादुकट्या अर्जदाराची भीती वाटत नाही, अर्जदारांच्या समूहाची वाटते, हे दोन्ही उदाहरणांत सारखेच दिसते.

२

या निर्बंधाला लोकांनी दिलेले पहिले उत्तर म्हणजे सीमा ओलांडणे. हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदेची अधिवेशने काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) येथे भरली. त्यांतील एकही ठिकाण निजामाच्या हद्दीत नव्हते. आपल्या राज्यातील गाऱ्हाणे सांगण्यासाठी परमुलखात जावे लागणे, यापरते त्या नियमावरील लोकमताचे दुसरे प्रमाण कोणते? वृत्तपत्रांचीही हीच गत होती. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक पुण्याहून निघे. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की ते नवे नाव धारण करून पुन्हा संस्थानात प्रवेश करी.

दुसरे उत्तर संस्थानच्या हद्दीत, नियमाच्या चौकटीत राहून देण्यात आले. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये श्रीधर वामन नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लातूर येथे झाले. या परिषदेची भाषा प्रारंभी अर्जाचीच होती. नागरिक स्वातंत्र्य मिळावे व कारभारात प्रजेला वाटा असावा, या मागण्या निजामाच्या छत्राखालीच मांडल्या जात. परंतु अर्ज करणारा आता एक इसम नसून एक परिषद होती आणि तिचे ठराव सर्वांसमक्ष वाचले जात होते. वशिल्याच्या राज्यात ही गोष्ट नवी होती. लातूरच्या अधिवेशनाच्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ परिषदेच्या कार्यात अग्रभागी आले, तेव्हापासून या अर्जाला चळवळीचे रूप येऊ लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रहास प्रारंभ झाला. आर्य समाजानेही धार्मिक आचारावरील परवानग्यांच्या विरोधात स्वतंत्र सत्याग्रह केला. उदगीरचे आर्य समाजी कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा १९३८ च्या अखेरीस बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. परवानगीचा कागद हा त्या काळी केवळ कचेरीतील शिरस्ता नव्हता. त्यापायी माणसे तुरुंगात गेली व मरण पावली, हे विसरता येत नाही.

३

सरकारची बाजूही तपासली पाहिजे. लोकांचे म्हणणे ऐकण्याचा मार्ग काढावा म्हणून १९३७ मध्ये अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमण्यात आली. काशीनाथराव वैद्य यांचाही तिच्या सदस्यांत समावेश होता. तिच्या अहवालाच्या आधारे १९३९ मध्ये ज्या सुधारणा जाहीर झाल्या, त्यांचे वैशिष्ट्य असे की, प्रतिनिधित्व प्रदेशवार न देता व्यवसायवार देण्याचे ठरले. जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, कारखानदार, कामगार, वकील, वैद्यकीय व्यावसायिक, पदवीधर अशा हितसंबंधांना जागा वाटून देण्याची ती योजना होती.

आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर निरनिराळ्या हितसंबंधांच्या रदबदलीला कायदेशीर आसन देण्याचा तो प्रयत्न होता. पडद्याआड जे चालते ते सभागृहात आणावे, हा त्यातील विचार सर्वस्वी त्याज्य म्हणता येत नाही. परंतु लोकनियुक्त सदस्यांचे बहुमत नव्हते आणि मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार नव्हते. सामान्य कुणब्याला आपल्या गावचा प्रतिनिधी मिळत नव्हता. मिळत होता तो एका वर्गाचा. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली, त्यानंतर या योजनेखाली झालेल्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला. तत्पूर्वी १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे भरलेल्या महाराष्ट्र परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद याच काशीनाथराव वैद्यांनी भूषविले होते. सुधारणा समितीच्या बैठकीत बसलेला गृहस्थ उमरीसारख्या लहान गावच्या मंडपात लोकांपुढे उभा राहतो, ही घटना बोलकी आहे. सरकारने नेमून दिलेल्या दालनापेक्षा लोकांनी उभारलेला मंडप अधिक विश्वासार्ह ठरला होता.

४

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. १९५० च्या राज्यघटनेने शांततेने एकत्र येण्याचा हक्क दिला व १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. अर्जदार आता मतदार झाला. गश्ती निशाण ५३ चा प्रश्न इतिहासजमा झाला, परंतु वशिल्याचा प्रश्न तसा झाला नाही. त्याने केवळ स्थलांतर केले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजधानी हैदराबादहून मुंबईस गेली. तेथील सचिवालयात ज्यांची जुनी ओळख होती, जे उद्योग व सहकारी संस्था यांच्या बळावर आधीच संघटित होते, त्यांच्यापुढे आपला निभाव कसा लागावा, ही शंका विलीनीकरणापूर्वीच येथील नेत्यांना वाटत होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात या शंकेचे प्रतिबिंब दिसते. विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे त्यात नमूद होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे स्थापण्याची व निधीचे न्याय्य वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याची तरतूद झाली.

या तरतुदी केवळ विकासाच्या म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. त्या रदबदलीच्या नियमनाच्याही आहेत. निधी कोणाला किती, हे ज्याचे वजन अधिक त्याने ठरवू नये, मोजमापाने ठरावे व ते सभागृहात सर्वांसमक्ष मांडले जावे, हा त्यांचा गाभा आहे. ज्या लोकांनी सभेवरील नियम झुगारला, त्यांच्याच नेत्यांनी राज्यकर्त्याच्या हाताला बांधणारा नियम मागितला. यात विसंगती नाही.

नियम कागदावर आला, अंमलात मात्र आला नाही. १९७४ मध्ये मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी विकासाचे आंदोलन केले. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने वैधानिक मंडळांची मागणी सातत्याने लावून धरली. शासनाने १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी तथ्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांत राज्याच्या सरासरीखाली जो जिल्हा असेल त्याची तूट म्हणजे अनुशेष, अशी सरळ रीत तिने अवलंबिली. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये व त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी रुपये, म्हणजे शेकडा २३.५६ असा निघाला. गाऱ्हाण्याला प्रथमच आकडा मिळाला. १९८४ च्या जुलैत विधिमंडळाने मंडळांचा ठराव केला, तरी मंडळे प्रत्यक्षात यावयास १९९४ साल उजाडले. त्या वर्षीच्या १ एप्रिल रोजीचा राज्याचा अनुशेष निर्देशांक व अनुशेष समितीने १४,००६.७७ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा ४,००४.५५ कोटी होता. किमती वाढल्या होत्या हे खरे. परंतु नियमाच्या अंमलास दहा वर्षे लागली हेही खरे. २००१ पासून राज्यपालांचे वाटपाविषयी निर्देश निघू लागले, आणि ते पाळले जात नाहीत अशा तक्रारीही विधिमंडळात होऊ लागल्या. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वाढवावी ही मागणी पुन्हा त्याच प्रदेशातून झाली.

५

येथपर्यंतचे चित्र दुर्बल प्रदेश आणि दूरची राजधानी असे आहे. ते अपुरे आहे. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : नांदेडचे शंकरराव चव्हाण व अशोकराव चव्हाण, लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि बाभळगावचे विलासराव देशमुख. अर्थात येथील लोकांना वजनाचा तोटा तेवढा ठाऊक होता असे नव्हे. त्याचा लाभही ठाऊक होता. आपला माणूस मुंबईस आहे तोवर आपले काम होईल, ही भावना या दोन्ही जिल्ह्यांत बळावणे स्वाभाविक होते.

या भावनेची परीक्षा २००९ मध्ये झाली. डिसेंबर २००८ मध्ये विलासरावांच्या जागी अशोकराव मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी २००९ मध्ये मंत्रिमंडळाने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) महसूल विभागाचे विभाजन करून नांदेड येथे नवे आयुक्तालय स्थापण्याचा निर्णय घेतला. लातूरमध्ये त्याविरुद्ध तीव्र आंदोलन झाले व प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. निर्णय पुढे अनेक वर्षे अंमलात आला नाही. मुख्यमंत्री नांदेडचे म्हणून आयुक्तालय नांदेडला, हा लातूरच्या आक्षेपाचा रोख होता. लातूरचे मुख्यमंत्री असताना लातूरला काय काय मिळाले, ही नांदेडची बाजू होती.

या वादात कोणाचे म्हणणे रास्त होते, हा येथे विचारणीय मुद्दा नाही. लक्षणीय गोष्ट ही की, वजन वापरल्याचा आरोप दोन्ही बाजूंनी एकमेकांवर केला, आपल्यावर तो येऊ दिला नाही. दुसऱ्याचा तो वशिला आणि आपला तो न्याय्य हक्क, ही वृत्ती मानवी आहे. परंतु वाद अखेर जेथे नेला गेला ते स्थान म्हणजे न्यायालय, आणि तेथे ओळख चालत नाही. निर्णयाची कारणे सांगावी लागतात. वजनाच्या राजकारणाला सरावलेला समाजही, त्या राजकारणात हरण्याची पाळी आली की नियमाकडे वळतो. नियमाची गोडी ही बहुधा हरणाऱ्याला लागते. जिंकणाऱ्याला ती लागली तरच नियम टिकतो.

रोजच्या व्यवहारात हीच गोष्ट बदल्यांच्या बाबतीत दिसते. सरकारी नोकराने आपल्या सेवेच्या बाबतीत राजकीय वजन आणू नये, असा निर्बंध महाराष्ट्राच्या वर्तणूक नियमांत १९७९ पासून आहे. बदलीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा अवधी ठरविणारा व मुदतपूर्व बदलीची कारणे लिहून ठेवावयास लावणारा अधिनियम २००५ सालचा. तत्पूर्वी २००२ मध्ये राज्याचा व २००५ मध्ये केंद्राचा माहितीचा अधिकार आला. या कायद्यांनी शिफारसपत्रे बंद झाली असे कोणी म्हणणार नाही. तथापि शिफारस कोणी केली हे विचारण्याचा हक्क प्रथमच सामान्य नागरिकाच्या हाती आला.

६

इतर देशांचा अनुभव या निष्कर्षाला पूरक आहे. अमेरिकेत १९४६ व १९९५ च्या कायद्यांनी मध्यस्थाने आपले नाव नोंदवावे, कोणासाठी काम करतो व किती पैसा घेतो हे जाहीर करावे, अशी व्यवस्था केली. मागणी करण्याचा हक्क मात्र तेथील घटनेने अबाधित ठेवला आहे. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्याने एकीकडे धंदेवाईक मध्यस्थांची नोंदणी आणली व दुसरीकडे निवडणूककाळातील बिगर-पक्षीय प्रचाराच्या खर्चावर मर्यादा कडक केल्या. मध्यस्थांवरील बंधन तोकडे आणि धर्मादाय संस्थांवरील बंधन मात्र जाचक, अशी टीका त्यावर झाली. गश्ती निशाण ५३ पाहिलेल्या प्रदेशाला ही टीका अपरिचित वाटू नये. भारतात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरविली, तीही मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या आधारे.

सारांश, नांदेड-लातूर भागातील लोकमत नियमांच्या बाजूचे होते की विरोधी, असा प्रश्नच सदोष आहे. ज्या नियमाने मागणे अपराध ठरविले, तो त्यांनी अमान्य केला. ज्या नियमाने देणाऱ्यास हिशेब द्यावयास लावले, तो त्यांनी दशकानुदशके मागितला. आणि जेथे आपलेच वजन चालत होते तेथे ते या प्रश्नाविषयी उदासीन राहिले, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. पुढेमागे रदबदलीच्या नियमनाचा कायदा या देशात होऊ घातला, तर त्याच्या कलमांची परीक्षा याच अनुभवावर करणे इष्ट होईल. उमरीच्या मंडपात उभ्या राहणाऱ्याला तो परवानगी मागावयास लावतो, की कचेरीच्या मागील दाराने आत जाणाऱ्याला आपले नाव लिहावयास लावतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.